बिस्लीतल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली आणि त्यांचे हौशी मालक

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ब्रुकवूडची लोकल पकडली की पाऊण तासाच्या आत आपण सरे परगण्यात उतरतो. स्टेशनाला लागूनच एक अफाट दफनभूमी आहे. १९०४ साली जर्मनीत निधन झालेल्या जमशेदजी टाटांना इथल्याच पारशी विभागात चिरविश्रांती मिळाली. इतक्या जवळ येऊन तिथे न जाणं मला जमलं नसतं, म्हणून आधी तिकडे जाऊन आले आणि मग बिस्लीच्या नेमबाजी मैदानाची वाट धरली. पूर्वी स्टेशनापासून रेंजपर्यंत खास नेमबाजांसाठी रेल्वेचा एक छोटा फाटा होता. तो १९५२ मध्ये बंद झाला. आता चालत जायचं.

ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ ची. (अमेरिकेतली त्याच नावाची संस्था नंतरची, १८७१ ची.) १८६० साली विम्बल्डनच्या माळावर पहिली स्पर्धा भरली तेव्हा राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. व्हिटवर्थ रायफल स्टँडवर पक्की बसवलेली होती आणि राणीने रेशमी दोरी ओढली. पुढे विम्बल्डनची वस्ती वाढली, तशी १८९० मध्ये सगळी स्पर्धा बिस्लीला हलली. १९०८ च्या ऑलिंपिकमधली रायफलची नेमबाजी इथेच झाली आणि त्यात हजार यार्डांचाही प्रकार होता. मी स्वतः ५० मीटरवर पालथं पडून .२२ रायफल चालवते. याच ५० मीटर प्रोन प्रकारात आपली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली होती. पण हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर! तिथे नुसत्या डोळ्यांना टार्गेटची चौकट दिसते, आतला काळा गोल जेमतेम जाणवतो.

जुलैतल्या इम्पीरियल मीटिंगला, म्हणजे इथल्या वार्षिक स्पर्धेला, गेलात तर पहिल्या तासातच लक्षात येतं की इथे दोन कार्यक्रम एकाच वेळी चालू असतात. एक फायरिंग पॉइंटवर. दुसरा त्याच्या मागे, गवतावर, जिथे पाळीची वाट बघणाऱ्यांच्या रायफली ठेवलेल्या असतात. बोल्ट (हाताने मागेपुढे सरकवायचा दांडा) उघडा, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये रंगीत ब्रीच फ्लॅग ही खूण, म्हणजे रिकामी आहे हे लांबूनच कळावं. एखाद्या रायफलीवर तुमची नजर जरा जास्त रेंगाळली की मालक शेजारी येऊन उभा राहतो आणि आपणहून सांगायला लागतो. मी अक्षरशः मागचाच कार्यक्रम बघायला गेले होते.

पहिली रायफल हातात मिळाली ती टार्गेट रायफल प्रकारातली. या प्रकारात बहुतेकांकडे .३०८ चं काडतूस, दुर्बीण नाही, बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू नाही, फक्त बारीक भोकातून नेम धरायची पीप साइट आणि दंडाला आवळलेली स्लिंग, म्हणजे पट्टा. अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो गाभा) न्यूझीलंडच्या बार्नार्डची होती, दंडगोल, पुढच्या टोकाला तीन लग, म्हणजे बोल्ट जखडून ठेवणारे उंचवटे, असलेली. माउझरने १८९८ मध्ये पुढे दोन लग आणि मागे एक सुरक्षेचा लग अशी जी रचना पक्की केली, तिच्यात बोल्टची मूठ चांगली ९० अंश उचलावी लागते. तीन लग असले की ६० अंशांत काम होतं. फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण स्लिंगमध्ये जखडून पडलेल्या माणसाला प्रत्येक फैरीनंतर कोपर जितकं कमी हलवावं लागेल तितकं बरं, हे मी अनुभवाने सांगू शकते.

मालकाला मात्र अ‍ॅक्शनपेक्षा दस्ता दाखवायचा होता. गालाची पट्टी वरखाली होणारी, खांद्याची प्लेट मागेपुढे आणि तिरकी होणारी, डाव्या हाताचा थांबा रुळावर सरकणारा. यातल्या प्रत्येक सांध्यावर त्यांनी बारीक ब्रशने दोन रंगांच्या रेघा ओढल्या होत्या. पांढरी रेघ जाड जॅकेट घातलं असेल तेव्हाची, लाल उन्हाळ्यातली. पेटीच्या झाकणाच्या आत एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. त्यावर ३००, ५००, ६००, ९००, १००० यार्ड आणि प्रत्येकापुढे साइट किती चढवायची ते पेन्सिलीने. काही आकडे खोडून शेजारी नवे लिहिलेले. "नळी बदलली की सगळं पुन्हा," ते म्हणाले. एवढी हजारो फैरी झेललेली नळी बदलायचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. दस्त्याला मात्र कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

ही सगळी मंडळी बोल्ट-अ‍ॅक्शनच का वापरतात? एक कारण कायद्याचं. १९८७ च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ मध्ये ब्रिटनने .२२ वगळता सेल्फ-लोडिंग, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलींवर बंदी आणली. पण कायदा नसता तरी या मैदानावर फारसा फरक पडला नसता असं माझं मत आहे. गोळी सुटताना बोल्ट घट्ट बसलेला असतो, कुठला भाग मागेपुढे धावत नाही. अचूकतेच्या मागे लागलेल्या माणसाला हेच हवं असतं.

संध्याकाळी एका क्लबहाउसच्या व्हरांड्यात साफसफाई चालली होती. इथली क्लबहाउसं लाकडी, उतरत्या छपरांची, आपल्याकडच्या हिल स्टेशनवरच्या जुन्या बंगल्यांची आठवण करून देणारी. तिथे एका बाईंनी मला बेडिंगची, म्हणजे दस्त्यात रायफल किती नीट बसली आहे त्याची, परीक्षा करून दाखवली. नळी आणि दस्त्याचं पुढचं टोक जिथे जवळ येतात तिथे माझं बोट दोन्हींना टेकेल असं ठेवायला लावलं आणि अ‍ॅक्शनचा पुढचा स्क्रू हळूच सैल केला. बोटाला काहीच हललेलं कळलं नाही. "आता हिची बघा," म्हणत त्यांनी मैत्रिणीची रायफल पुढे केली. स्क्रू सुटला आणि नळी बोटाखाली चक्क उचलली गेली. म्हणजे स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकत होती आणि दस्त्यात ताण साठत होता. उपाय म्हणजे दस्त्याच्या खाचेत इपॉक्सी भरून अ‍ॅक्शनचा हुबेहूब ठसा घ्यायचा, आणि नळीला मात्र लाकडाचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. मैत्रीण वही काढून लिहून घेत होती. दाखवण्याची हौस किती उपयोगी पडते हे मला तिथे दिसलं.

एफ-क्लासवाल्यांची तऱ्हा निराळी. कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहारसन यांच्या नावावरून हा प्रकार ओळखला जातो. वयामुळे स्लिंग आणि पीप साइट झेपेनासं झालेल्यांना दुर्बीण आणि टेकू घेऊन खेळता यावं हा त्यामागचा विचार. ओपन गटात रायफल १० किलोपर्यंत चालते. इथे रंगांची चंगळ: जांभळ्या-हिरव्या लाकडी पट्ट्या दाबून केलेले लॅमिनेटेड दस्ते, मोटारीसारखा चमकता रंग, रुंद सपाट पुढचा भाग. मला ते आवडले. ज्यावर माणूस एवढा जीव लावतो ते देखणं का नसावं?

तरी मी सर्वात जास्त वेळ थांबले ती ली-एनफिल्ड क्रमांक ४ पाशी. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हटलं की बंदोबस्तावरचा पोलीस डोळ्यांसमोर येतो. तिचीच ही धाकटी बहीण. तिचे लग बोल्टच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे गोळी सुटताना अ‍ॅक्शन किंचित ताणली जाते. पुस्तकी हिशेबाने हा दोष. पण लांब पल्ल्यावर तोच कामी येतो, असं जुने बिस्लीकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत आणि त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे. गोळी नळीत असताना नळीचं तोंड थरथरत वर जात असतं. वेगवान गोळी लवकर बाहेर पडते, तेव्हा तोंड थोडं खाली असतं. हळू गोळी जरा उशिरा, थोड्या वरच्या कोनातून निघते. परिणामी हजार यार्डांवर दोघी जवळजवळ एकाच उंचीवर पोहोचतात. या रायफली नीट बसवून देणारं फुल्टन घराणं बिस्लीचंच. त्यातले आर्थर फुल्टन इथलं सर्वात मानाचं बक्षीस, किंग्ज प्राइझ, तीनदा जिंकले.

या रायफलीचे मालक वयाने बरेच मोठे होते. त्यांनी तिच्यात काय बदल केला असं विचारलं तर म्हणाले, "साइट बदलली. बाकी तिला हात लावायचा मला काय अधिकार?" माझंही अगदी हेच म्हणणं आहे. महायुद्धानंतर हजारो एनफिल्ड आणि माउझर स्वस्तात मिळत होत्या, तेव्हा लोकांनी त्यांचं लाकूड कापून, नळ्या आखूड करून शिकारीच्या रायफली बनवल्या. त्या काळी ते समजण्यासारखं होतं. आज एखादी रायफल बोल्टपासून दस्त्यापर्यंत एकाच क्रमांकाची, मूळ स्थितीत हाती आली तर तिच्यावर करवत चालवू नये. नवी अ‍ॅक्शन विकत मिळते; जुनी पुन्हा कुणी बनवणार नाही.

स्टिकलडाउन रेंज चुकवू नका. १२०० यार्डांपर्यंतचा पल्ला तिथेच आहे. मॅच रायफल प्रकारातले काही जण उताणे झोपून, रायफल पायांवर टेकवून नेम धरतात आणि त्यासाठी दुर्बीण पार दस्त्याच्या टोकाजवळ बसवलेली असते. ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ च्या गोळीला हजार यार्डांवर दोन मीटरहून जास्त ढकलतो, म्हणून सगळ्यांचे डोळे झेंड्यांवर. फैर झाली की टार्गेट खाली जातं, खंदकातला माणूस भोकात पांढरी चकती लावतो, टार्गेट वर येतं आणि इकडे कुणीतरी सुस्कारा सोडतं किंवा हसतं.

जायचं असेल तर जुलै गाठा. मॅच रायफलच्या लढती पाहायच्या असतील तर स्पर्धेच्या सुरुवातीचे दिवस धरा. कानाचं संरक्षण हवंच, आणि विचारल्याशिवाय कुठल्याही रायफलीला हात लावू नका. असोसिएशनचं छोटं संग्रहालयही तिथेच आहे. १९३० मध्ये किंग्ज प्राइझ जिंकणारी पहिली स्त्री मार्जरी फॉस्टर हिच्याबद्दल तिथे नक्की विचारा.