‘हाइड’ शब्दाचा लपंडाव

हाइड-हिड-हिडन ही तीन रूपं घोकून झाली की त्या शब्दाशी आपलं काम संपलं, असं नाशिकच्या शाळेत तरी वाटतं. इंग्लंडात राहायला लागलं की तोच शब्द सोफ्याच्या लेबलवर, घाटरस्त्याच्या पाटीवर, तळ्याकाठच्या लाकडी खोपटावर आणि ऑफिसच्या एक्सेलमध्ये भेटतो, आणि दर ठिकाणी निराळं बोलतो. सप्टेंबरच्या सत्रासाठी कॉलेज रोड, गंगापूर रोडवर ज्यांच्या बॅगा भरणं चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आधी स्वयंपाकघरातली चूक. मराठीत लपणे वेगळं, लपवणे वेगळं आणि झाकणे तर अगदीच वेगळं. इंग्रजीत पहिल्या दोन्हींना हाइडच. पुढे कर्म आलं की नाही यावर अर्थ ठरतो. ‘ही हिड’ म्हणजे तो लपला. ‘ही हिड द चिवडा’ म्हणजे त्याने चिवडा लपवला. कोणापासून लपवलं ते ‘फ्रॉम’ लावून शेवटी सांगायचं: ‘डोन्ट हाइड एनिथिंग फ्रॉम मी’. आपल्या वाक्यात ‘माझ्यापासून’ आधी येतं, म्हणून तोंडातून निघतं ‘डोन्ट हाइड फ्रॉम मी...’. ऐकणाऱ्याच्या लेखी वाक्य तिथेच पुरं झालेलं असतं आणि त्याचा अर्थ होतो, माझ्यापासून लपू नकोस. मागून आलेलं ‘एनिथिंग’ मग लोंबकळत राहतं.

झाकणे म्हणजे मात्र ‘कव्हर’. दूध झाकून ठेव, हे फ्लॅटमधल्या जोडीदाराला ‘हाइड द मिल्क’ असं सांगितलं, तर तो बिचारा ते फ्रिजमध्ये सगळ्यांत मागे, कोणाच्या नजरेस पडणार नाही असं सरकवेल. प्रकरण दडपणे म्हणजे ‘कव्हर अप’, दबा धरून बसणे म्हणजे ‘लाय इन वेट’, आणि लपूनछपून केलेल्या गोष्टीला ‘ऑन द स्लाय’. या तिन्ही ठिकाणी हाइड बसवला तर अर्थ कळतो, पण वाक्य लंगडतं. उच्चाराचं थोडक्यात: ‘हिडन’मधला शेवटचा ‘डन’ आपण पूर्ण म्हणतो, इकडे जीभ ‘ड’वर टेकलेलीच राहते आणि आवाज नाकातून सुटतो. ‘हिड’चा इकार ऱ्हस्वच ठेवा, तो लांबला की ‘हीड’ होतं, म्हणजे लक्ष देणे.

कागदपत्रांत हा शब्द फारसा सापडत नाही. तिथे त्याचे सुटाबुटातले भाऊबंद येतात: ‘कन्सील’, ‘विथहोल्ड’, ‘फेल टु डिस्क्लोज’. शेवटचा सगळ्यांत धोक्याचा, कारण त्यात तुम्ही काही लपवलं असं म्हटलेलंच नाही. सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही, एवढंच. आपल्याकडे ‘विचारलं नाही म्हणून बोललो नाही’ हे खपून जातं. व्हिसाच्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल प्रश्न असतो, दुसऱ्या देशाने दिलेला नकारही त्यात सांगायचा असतो. तो गाळला आणि ती फसवणूक ठरली, तर ब्रिटनच्या नियमांनुसार पुढचे अर्ज १० वर्षांपर्यंत फेटाळले जाऊ शकतात. एजंटने भरलेला अर्जही स्वतः ओळ न् ओळ वाचा.

घर भाड्याने घेताना ‘नो हिडन फीज’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. जाहिरातदार ते उपकार केल्यासारखं सांगतो, पण इंग्लंडात १ जून २०१९ पासून बहुतेक एजन्सी शुल्कांवर कायद्यानेच बंदी आहे. जागा अडवून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त रक्कम मागता येत नाही. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी. ‘करारपत्राचा खर्च’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते द्यायचे नाहीत.

रस्त्यावर ‘हिडन डिप’ ही पाटी दिसली की ओव्हरटेक करायचं नाही. पुढे रस्ता खळग्यात उतरतो, पलीकडचा चढ स्पष्ट दिसतो, मधला तळ मात्र दिसत नाही, आणि समोरून येणारी गाडी नेमकी तिथे असू शकते. रस्ता मोकळा वाटतो, हीच गोम.

आता ‘हायडिंग’. मागे ‘इन’ असेल तर फरार किंवा भूमिगत. मागे ‘अ’ असेल तर मार. ‘ही इज इन हायडिंग’ आणि ‘ही गॉट अ हायडिंग’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुटबॉलच्या गप्पांत एखाद्या संघाला ‘अ गुड हायडिंग’ मिळालं, म्हणजे त्याला चांगलाच धुतला. लपण्याशी याचं नातं नाही. हा दुसराच हाइड, जनावराचं कातडं. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, कारण आपणही चामडी लोळवतोच. ‘टॅन युअर हाइड’ ही धमकी तर अक्षरशः कातडं कमावण्याची आहे. ‘ऑन अ हायडिंग टु नथिंग’ हे ऑफिसात फार ऐकू येतं: जिंकलं तरी कौतुक नाही, हरलं तर नाचक्की, असं काम गळ्यात पडणं. कोणी बरेच दिवस दिसलं नाही, तर ‘नायदर हाइड नॉर हेअर’, ना कातडं ना केस. आणि ऑस्ट्रेलियात कोणी ‘यू हॅव गॉट अ हाइड’ म्हणालं तर हसू नका. आपल्याकडची गेंड्याची कातडी ती हीच, निलाजऱ्या माणसाला उद्देशून.

चामड्याच्या वस्तू वर्ज्य असतील त्यांनी सोफा, पर्स, गाडीच्या सीटा घेताना लेबलवर हा शब्द शोधावा. ‘लेदर’ कुठेच न लिहिता नुसतं ‘हाइड’ किंवा ‘काउहाइड’ लिहिलेलं असतं. ‘हाइड फूड’ नावाची बरणी दिसते तीही खायची नाही, चामड्याला मऊपणा आणणारं मलम असतं.

तिसरा हाइड जमिनीचा. १०८६ साली झालेल्या इंग्लंडच्या मोठ्या जमीनमोजणीत गावोगावचा सारा ‘हाइड’मध्ये मांडला आहे. एका कुटुंबाला पुरेल एवढी जमीन, अशी मूळ कल्पना. ढोबळ हिशेब १२० एकरांचा, पण प्रत्यक्षात ते मोजमापापेक्षा कर बसवण्याचं एकक होतं. आपल्या जुन्या दप्तरांत १२० बिघ्यांचा एक चाहूर असतो, तो आकडा तेवढाच निघावा ही गंमत. लंडनच्या हाइड पार्कच्या नावात हाच शब्द आहे. तिथे लपण्याचा संबंध लावू नये.

नांदूरमध्यमेश्वरला थंडीत पहाटे जाणाऱ्या नाशिककरांना चौथा अर्थ आवडेल. पक्षी बघायला आडोसा म्हणून बांधलेल्या खोपीला इकडे ‘हाइड’ म्हणतात; अमेरिकेत तिलाच ‘ब्लाइंड’. आपल्या निसर्गमंडळींचा ‘लपण’ हा शब्द त्याला नेमका बसतो. लाकडी खोली, आत बाकं, आणि बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येतील अशा अरुंद आडव्या फटी, त्यांना झडपा. नियम कुठे लिहिलेले नसतात, पण मोडले की नजरा वळतात. आत शिरल्यावर दार हळू लावायचं, कारण उघड्या दारातून मागचा उजेड आला की फटीत तुमची काळी आकृती हलताना पक्ष्यांना दिसते. झडप वर उचलून आधी अडकवायची, मगच दुर्बीण लावायची. झडप निसटून आपटली तर काठावरचे सगळे बगळे उडतात. हात किंवा कॅमेऱ्याची लांब नळी फटीबाहेर काढायची नाही. निघताना आपली झडप बंद करायची. डबा उघडून चकलीचा कुडूमकुडूम आवाज करणं, हे लिहायला नको.

सगळ्यांत महाग पडणारा हाइड मात्र एक्सेलमधला. कंट्रोल आणि ९ दाबलं की ओळ लपते, कंट्रोल आणि ० ने स्तंभ. लपते म्हणजे फक्त दिसत नाही, पुसली जात नाही. २००८ च्या सप्टेंबरात बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेचा व्यवसाय बार्कलेज या ब्रिटिश बँकेने घेतला, तेव्हा नको असलेले १७९ करार यादीतून काढण्याऐवजी लपवलेल्या ओळींत होते. फाइलची पीडीएफ करताना त्या ओळी उघड्या झाल्या, आणि ते करार घ्यायच्या यादीत गेले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या उत्तरात एक तक्ता दिला. त्यात लपलेलं एक पान राहिलं होतं, आणि सुमारे साडेनऊ हजार पोलीस व कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली.

नेहमीचा घोटाळा बेरजेचा. साध्या ‘सम’मध्ये लपलेल्या ओळीही धरल्या जातात. ‘सबटोटल’ला ९ हा आकडा दिला तर फिल्टरने गेलेल्या ओळी वगळल्या जातात, हाताने लपवलेल्या नाहीत, त्याही वगळायच्या असतील तर १०९ द्यावा लागतो. दिसतंय तेवढंच कॉपी करायचं तर भाग निवडून आल्ट आणि अर्धविराम दाबा, मग कॉपी. लपलेल्या ओळी परत आणायला कंट्रोल, शिफ्ट, ९. स्तंभासाठी तसंच ० दाबून विंडोजवर पुष्कळदा काहीच होत नाही, कारण ती जोडी कीबोर्डची भाषा बदलायला राखून ठेवलेली असते. मग शेजारचे दोन स्तंभ निवडून उजवं क्लिक आणि ‘अनहाइड’. पहिलाच स्तंभ लपला असेल तर डावीकडे शेजारीच नाही, म्हणून वरच्या नावाच्या चौकटीत ए-१ लिहून एंटर मारा आणि मग होम टॅबमधल्या ‘फॉरमॅट’मधून उघडा. फाइल बाहेर पाठवण्याआधी तिच्या प्रतीवर ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. लपलेल्या ओळी, स्तंभ, पानं किती आहेत ते सांगतं.

मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी राहिला खेळ. ‘हाइड अँड सीक’ हे नाव बिस्किटांमुळे घरोघरी माहीत आहे, खेळातली बोली नसते. राज्य कोणावर, याला ‘हू इज इट?’ आणि ‘तुझ्यावर राज्य’ म्हणजे ‘यू आर इट’. हे ‘इट’ पहिल्या आठवड्यात मुलांना अजिबात कळत नाही, म्हणून घरीच सांगून ठेवा. आकडे मोजून झाले की ‘कमिंग, रेडी ऑर नॉट!’ असं ओरडायचं. भोज्याला ‘डेन’ किंवा ‘बेस’. डबा ऐसपैसला सख्खा भाऊ आहे, ‘किक द कॅन’. ‘सार्डिन्स’ हा उलटा लपंडाव: लपतो एकटा, शोधतात सगळे, आणि ज्याला सापडला तो बोभाटा न करता त्याच्याच शेजारी दाटीवाटीने लपतो, शेवटी उरलेल्यावर पुढचं राज्य. मागून गुपचूप येऊन पाठीवर मारायच्या धप्प्याला मात्र इंग्रजीत नेमका शब्द नाही. तो आपल्या पोरांनीच वर्गात शिकवायचा.