जुन्या डेस्कटॉपवर बारवांचे फोटो निवडायला हलका व्ह्यूअर: आत्तापर्यंत कुठवर आलो

मंडळी, बारवा अन् जुन्या मंदिरांचे फोटो काढणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं होतं की घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एवढे सगळे फोटो बघतो कशानं, म्हणजे कोणत्या व्ह्यूअरनं (फोटो बघायच्या प्रोग्रॅमनं). ते काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय म्हणून एकदाच सविस्तर सांगायलोय. ज्यांच्याकडं नवंकोरं मशीन आहे त्यांना यातलं निम्मं लागणार नाही, पण परभणी-हिंगोलीकडच्या आपल्या बहुतेकांकडं घरातलं एकच डेस्कटॉप असतं, त्याच्यावरच लेकरांचा अभ्यास, त्याच्यावरच वडलांची बँकेची कामं अन् त्याच्यावरच आपले फोटो, त्यांच्यासाठी हे आहे.

मशीन साधंच. जुना आय-थ्री, ८ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, एसएसडी अजून टाकलेली नाही, मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, आणि मी रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा असलेली मोठी फाइल) अन् जेपीजी (दाबून लहान केलेला नेहमीचा फोटो) दोन्ही एकदम काढतो. चारठाण्याला एक सकाळ घातली की कार्ड भरून येतं, कारण मंदिरं, दीपमाळ, बारव, सगळं एकाच गावात, अन् एका शिल्पाचे पाच-सहा क्लिक सहज होतात. खरं काम घरी आल्यावर असतं, त्या पाच-सहातला एक ठेवायचा अन् बाकीचे उडवायचे.

आता मुद्दा. व्ह्यूअर निवडताना लोक बघतात की डबल क्लिक केल्यावर किती लवकर उघडतो. ते बघावं, पण माझ्या मते आपल्या कामाला ते दुय्यम आहे, कारण उघडायचं एकदाच असतं. आपण दिवसभर दाबतो ते पुढच्या फोटोचं बटण. स्पेसबार दाबला की पुढचा फोटो पूर्ण शार्प दिसायला किती वेळ लागतो, आधी धूसर दिसून मग साफ होतो का एकदमच साफ येतो, आणि मागं गेलं तर परत तेवढाच वेळ खातो का, हे तीन प्रश्न मी प्रत्येक व्ह्यूअरला लावले आणि त्याच्यावरच निवड केली.

हा वेळ जातो कुठं ते समजून घेतलं तर निवड सोपी होते. ६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. डिस्कवर जेपीजी असेल १० एमबीच्या आसपास, पण दाखवायला तो उलगडावा लागतो आणि एका पिक्सेलला ३ बाइट धरले तर मेमरीत तो ७२ एमबी होतो. माझ्या मॉनिटरवर मात्र साडेदहा लाखाच्या आतच पिक्सेल मावतात. म्हणजे जवळपास तेवीसपट माल उलगडायचा आणि त्यातला बहुतेक परत फेकून द्यायचा. हुशार व्ह्यूअर इथं वेळ वाचवतो. जेपीजीची रचनाच अशी आहे की ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत फोटो साठवलेला असतो, त्यामुळं तो निम्म्या, पाव किंवा एक-अष्टमांश मापात थेट उलगडता येतो. २४ मेगापिक्सेलचा पाव मापात काढला तर १५०० बाय १०००, माझ्या स्क्रीनला तेवढा पुरून उरतो आणि काम कितीतरी कमी. पण १०० टक्के झूम केलं की पूर्ण उलगडणं आलंच, तिथं सुटका नाही.

दुसरी युक्ती म्हणजे तुम्ही एक फोटो बघत असताना पुढचा गुपचूप मागं तयार करून ठेवायचा. पंगतीत चांगला वाढपी पहिली पोळी संपायच्या आत दुसरी ताटात टाकतो ना, तसं. ही सोय ज्यात आहे तो व्ह्यूअर जुन्या मशीनवरही पळतो, आणि ज्यात नाही तो चांगल्या मशीनवरही प्रत्येक फोटोला क्षणभर अडतो.

आता कोणते कोणते बघितले ते सांगतो. पिकासा बऱ्याच जणांच्या अजून मनात आहे, मलाही लई आवडायचं, पण गूगलनं मार्च २०१६ मधी त्याचा डेस्कटॉप सपोर्ट बंद केला त्याला आता जमाना झाला, नवीन कॅमेऱ्याच्या रॉ फाइलींसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

इरफानव्ह्यू सगळ्यात जुना जाणता. बोस्नियात जन्मलेले अन् व्हिएन्नात शिकलेले इरफान श्किल्यान यांनी १९९६ ला काढला आणि तेव्हापासून सतत सुधारत आणलाय, इतकी वर्षं एका माणसानं एक गोष्ट एवढ्या निष्ठेनं सांभाळावी याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सेटअप जेमतेम काही एमबीचा, प्लगइन्स वेगळे टाकायचे. पुढचा फोटो आधीच वाचून ठेवायची सोय सेटिंगमधी ब्राउझिंगच्या भागात आहे, ती चालू आहे का ते आधी तपासा. एफ-सेव्हन दाबलं की फोटो दुसऱ्या फोल्डरमधी हलतो, एफ-एटनं कॉपी होतो, आणि ही दोन बटणं एकदा हातात बसली की निवडीचं अर्धं काम त्यांच्यावरच उरकतं. घरच्या वापराला फुकट आहे, पण स्टुडिओवाल्यांनी लक्षात ठेवा, धंद्यासाठी वापरायला लायसन्स घ्यावं लागतं.

जेपीईजीव्ह्यू विंडोजसाठीच आहे, इन्स्टॉल करायची गरज नाही, फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाका तरी चालतो. सगळा भर वेगावर, प्रोसेसरचे एकापेक्षा जास्त कोअर वापरतो आणि पुढचा फोटो आधीच वाचतो. मूळ लेखकानंतर दुसऱ्यांनी तो पुढं चालवलाय, तेव्हा घेताना नवीन शाखेतलाच घ्या. नुसतं सरासर फोटो बघत जायचं असेल तर माझ्या मशीनवर हा सगळ्यात चपळ वाटला. पण दोन फोटो शेजारी ठेवून बघायचं माझं काम त्याच्यात बसत नाही.

एक्सएनव्ह्यू एमपी म्हणजे मोठं दुकान, ५०० च्या वर फॉरमॅट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, खाजगी वापराला फुकट. ज्यांच्याकडं जुन्या स्कॅनच्या चित्रविचित्र फाइली आहेत त्यांनी हाच घ्यावा. माझ्यासाठी जरा जास्तच आहे. इमेजग्लास अन् क्यूव्ह्यू दोन्ही मोकळ्या सोर्सचे (ओपन सोर्स), दिसायला नीटनेटके, क्यूव्ह्यूमधी तर स्क्रीनवर फोटोशिवाय काहीच नाही, घरच्यांना द्यायला चांगले.

आणि फास्टस्टोन. माझी गाडी शेवटी इथं येऊन थांबली, कारण नुसत्या वेगात भागत नाही हे मला वालूरच्या बारवेच्या फोटोंनी शिकवलं. सेलू तालुक्यातलं वालूर, तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव तुमच्यापैकी कित्येकांनी बघितली असंल. वरून ऊन, खाली अंधार, ट्रायपॉड टेकवायला नीट जागा नाही, म्हणून हातात धरून १/३० सेकंदाच्या शटरला, आयएसओ १६०० ठेवून एकेका कोनातले बरेच क्लिक घेतले. लहान करून बघितलं तर सगळेच सारखे. १०० टक्क्यावर गेलं की फरक कळतो, एकात पायरीच्या कडेवरची छिन्नीची रेघ स्वच्छ मोजता येते, दुसऱ्यात तीच रेघ दोन दिसायली, म्हणजे हात हलला. आता ही रेघ सहा फोटोंत बघायची तर प्रत्येक वेळी झूम करा, सरकवत त्याच पायरीवर या, पुढचा फोटो दाबा की परत सगळा फोटो लहान, परत झूम, परत सरकवा. यात मनगट दुखतं ते वेगळंच, पण मागच्या फोटोत काय बघितलं होतं तेच डोक्यातून जातं.

फास्टस्टोनमधी चारपर्यंत फोटो निवडून कम्पेअर केलं की शेजारी शेजारी उघडतात, आणि एकाला झूम करून सरकवलं की बाकीचे पण तेवढेच झूम होऊन त्याच जागी सरकतात. माझ्या लहान मॉनिटरवर चार म्हणजे फारच बारके, म्हणून दोन-दोन लावतो, हरलेला टॅग करून बाजूला, जिंकलेला पुढच्यासोबत. फुलस्क्रीनमधी माऊसचं डावं बटण दाबून धरलं की भिंगासारखा तेवढाच भाग मोठा दिसतो, निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींचे दागिने, केसांची रचना, बोटं शाबूत आहेत का झिजली, हे बघायला एवढं सोयीचं दुसरं काही मला मिळालं नाही. हा पण घरगुती वापराला फुकट.

रॉ फाइलींबद्दल थोडं. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्यानं बनवलेला एक जेपीजी लपवलेला असतो. व्ह्यूअरला सांगितलं की तोच दाखव, तर रॉ पण जेपीजीसारखा पटपट येतो, नाहीतर प्रत्येक वेळी सेन्सरचा कच्चा डेटा शिजवत बसतो. निवड करताना आतला जेपीजीच पुरतो. मात्र काही कॅमेऱ्यांत हा आतला फोटो पूर्ण मापाचा नसतो, मग १०० टक्के झूमवर धूसर दिसतो आणि आपल्याला वाटतं फोकसच चुकला. तेव्हा रॉवरून फोटो उडवायच्या आधी त्याचं माप बघून घ्या.

आडव्या पडलेल्या फोटोंचं पण सांगायचं राहिलं. कॅमेरा उभा धरला तरी फोटो बहुतेक वेळा आडवाच साठवला जातो, सोबत एक्झिफमधी (फोटोच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीत) चिठ्ठी असते की मला फिरवून दाखवा. व्ह्यूअर ती चिठ्ठी वाचत असेल तर काहीच करायची गरज नाही. नसेल वाचत तर लोक फिरवून सेव्ह करतात, आणि साधं सेव्ह म्हणजे परत कॉम्प्रेशन, दर्जा थोडा उतरतोच. त्याऐवजी लॉसलेस रोटेशन वापरा, इरफानव्ह्यू आणि फास्टस्टोन दोन्हीत आहे. यात ठोकळेच उचलून फिरवले जातात, फोटो उलगडून परत दाबत नाहीत. अट एकच, लांबी-रुंदीला ठोकळ्यानं पूर्ण भाग गेला पाहिजे, आणि जागा वाचवायला रंगाची माहिती कमी साठवतात, त्यामुळं हा ठोकळा बऱ्याचदा १६ बाय १६ चा असतो. ६००० ला १६ नं भागलं की ३७५, ४००० ला २५०, म्हणजे २४ मेगापिक्सेलला काही अडचण नाही. मोबाइलचा ४००० बाय ३००० असेल तर ३००० ला १६ नं पूर्ण भाग जात नाही, ८ पिक्सेल उरतात, ती कडेची पट्टी एकतर कापावी लागते नाहीतर तशीच उलटी राहते. काठावर शिलालेखाची ओळ असेल तर हे आधी बघा.

वेगाचं अजून एक कारण व्ह्यूअरच्या बाहेर आहे, आणि ते फुकटात सुटतं. बाहेरची हार्डडिस्क पुढच्या बाजूच्या जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर माल येत नाही, २५ एमबीचा एक रॉ नुसता वाचायलाच पाऊण सेकंद जातो, मग व्ह्यूअर कितीबी चपळ असू द्या. मागच्या बाजूला निळं पोर्ट असेल तर ते यूएसबी ३ चं, तिथं लावा. मी त्याच्या पुढं जाऊन ज्या गावाचं काम चालू आहे तेवढंच फोल्डर आतल्या डिस्कवर घेतो, निवड झाली की परत बाहेर.

घरच्यांसाठी मी डबल क्लिकला इरफानव्ह्यू लावून ठेवलाय. आप्पांना फक्त फोटो उघडायचा, बाणानं पुढं जायचं अन् एस्केपनं बंद करायचं, एवढंच लागतं, आणि ते त्यांना एका बैठकीत जमलं. आता धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराचे फोटो ते स्वतः लावून बसतात आणि त्यांच्या लहानपणी कोणता दगड कुठं पडलेला होता ते सांगतात, मी ते फोटोच्या नावात टाकायलोय. त्यावरून आठवलं, नवीन व्ह्यूअर घेतला की मराठी नावाचं फोल्डर त्याच्यात एकदा उघडून बघा, यादीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर तो आपल्या कामाचा नाही.

आयफोनवाल्या भाच्यानं पाठवलेले एचईआयसी फोटो हा अजून एक त्रास. २०१७ ला आयओएस ११ आलं तेव्हापासून हा फॉरमॅट आहे, जुन्या विंडोजवर जास्तीचा कोडेक (फॉरमॅट उलगडणारा छोटा प्रोग्रॅम) टाकल्याशिवाय उघडत नाही आणि उघडला तरी उलगडायला जेपीजीपेक्षा जड. मी त्याला फोनच्या कॅमेरा सेटिंगमधी फॉरमॅटला मोस्ट कम्पॅटिबल निवडायला लावलं, आता तिकडूनच जेपीजी येतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि हे मशीन ११ च्या अटीत बसत नाही, त्यामुळं पुढचं पाऊल म्हणजे शेजारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. तिथं फास्टस्टोन नाही. माझ्या डोक्यात नोमॅक्स नावाचा व्ह्यूअर आहे, व्हिएन्नाच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत सुरू झालेला, मोकळ्या सोर्सचा, आणि त्याच्या दोन खिडक्या एकमेकींना जोडल्या की झूम अन् सरकणं दोन्हीकडं सोबत होतं, म्हणजे वालूरच्या पायऱ्यांचं काम तिथं पण व्हायला पाहिजे. सोबत जीकी नावाचा व्ह्यूअर आणि एक्सएनव्ह्यू एमपी पण लावून बघणार. देगलूरकडं होट्टलचे फोटो काढायला या हिवाळ्यात जायचंय, ती सगळी निवड लिनक्सवरच करायचा विचार आहे. तुमच्यापैकी कोणी मिंटवर रॉ फोटोंची निवड करत असेल तर कोणत्या व्ह्यूअरमधी आतला जेपीजी पूर्ण मापात दिसतो तेवढं कळवा, म्हणजे तिथून सुरुवात करतो.