१९९७ ला फिटलेल्या कर्जाचा दाखला

आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर गेल्या महिन्यात माझ्या नावावर झाला. सगळ्या कामाला अकरा महिने लागले आणि त्यातले आठ एका बँकेच्या एका शाखेत गेले. राग अजून उतरलेला नाही. बँकेचं नाव लिहीत नाही, पण वडिलांच्या नावावरचा जुना ट्रॅक्टर ज्यांच्या दारात उभा आहे त्यांनी आजच त्याचं आरसी बुक काढून बघावं. एकच ओळ बघायची: कर्ज कोणत्या बँकेचं होतं आणि त्या बँकेचा बोजा बुकावरून उतरलाय का.

ट्रॅक्टर आला १९९० साली. मी पाचवीत होतो. आमचं गाव निफाड तालुक्यात, सायखेड्याच्या अंगाला, गंगेच्या काठी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तोवर घरी दोन बैलजोड्या होत्या आणि नांगरट म्हटली की पंधरा दिवस घरात दुसरा विषय नसायचा. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, कर्ज काढलं, जमिनीवर बोजा चढवून घेतला आणि लाल बॉनेटचा ट्रॅक्टर दारात आणला. आईने चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. मी डाव्या मडगार्डवर जागा धरली ती दहावीपर्यंत सोडली नाही. आज माझ्या मुलाला मी तिथे बसू देत नाही, पण शेती मी तिथे बसूनच शिकलो.

डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेला की पहाटे सेल्फ स्टार्टर नुसता कण्हायचा. म्हणून तात्या रात्रीच ट्रॅक्टर खळ्याच्या उतारावर लावून ठेवायचे. पहाटे गिअर टाकून, क्लच दाबून ब्रेक सोडायचा, दहा-बारा हात गडगडत गेला की क्लच सोडायचा. तीन सिलिंडरचं इंजिन एकदा खोकायचं, पांढरा धूर टाकायचं आणि मग लय धरायचं. तो आवाज आला की आई चुलीवर चहा ठेवायची. उन्हाळ कांदा निघाला की ट्रॉली भरून रात्रीच लासलगावची वाट धरायची, मार्केटला नंबर लावायचा आणि ट्रॉलीखाली गोणपाट टाकून झोपायचं.

या ट्रॅक्टरची लिफ्ट मला आजही सगळ्यात आवडते. लिफ्टला दोन दांडे. एकाने नांगर पाहिजे त्या उंचीवर धरायचा. दुसरा लावला की जमीन कठीण लागल्याबरोबर लिफ्ट आपोआप नांगर जरासा उचलते, आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येऊन चाकं जागेवर फिरत नाहीत. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाने नांगर ट्रॅक्टरला धरणारी ही तीन टोकांची जोडणी बसवली. त्याआधी ट्रॅक्टरच्या मागे नांगर नुसता ओढला जायचा, आणि नांगर दगडाला अडकला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटायचा. तात्यांना फर्ग्युसन कोण हे ठाऊक नव्हतं. आमच्या काळ्या जमिनीत कुठे दांडा किती सोडायचा हे मात्र त्यांच्या हाताला बरोबर कळायचं, मागे वळून बघावं लागायचं नाही. ऑइल कधी बदललं ते गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे. ते आकडे अजून आहेत.

तात्या २०२२ मध्ये गेले. धाकटा भाऊ सातपूरला कंपनीत आहे, तो म्हणाला, "भाऊ, भंगारात देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल." त्याचं चुकलं असं म्हणत नाही. पण ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात मी घरी होतो आणि तो नव्हता. नाशकात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं यावरून आमच्याकडे सामान हलवायचं की नाही ते ठरतं. त्या दिवशी ठरवायलाही वेळ मिळाला नाही. सत्तरीच्या तात्यांनी याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आई, शेजारच्या दोन घरातली बायका-पोरं आणि सहा वासरं वरच्या शाळेत नेऊन सोडली. तीन फेऱ्या केल्या. आरसी बुक त्यांच्या बंडीच्या खिशात होतं म्हणून वाचलं. कागदांची पत्र्याची पेटी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर पेटीत लगदा होता, आणि त्या लगद्यातच बँकेचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, गेला.

तात्यांनी दर पाच वर्षांनी नोंदणीची मुदत वाढवली तेव्हा तो दाखला दाखवून काम भागवलं होतं. बुकातली कर्जाची ओळ उतरवून घ्यायची मात्र राहून गेली. शेवटची मुदत २०२० ला संपली, तेव्हा लॉकडाऊन, मग त्यांचं आजारपण. मी आरटीओत अर्ज करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने बुक उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आधी एचपी उतरवा, मग वारसाचं बघू." एचपी म्हणजे बुकावरची बँकेच्या कर्जाची नोंद. त्याचं बरोबर होतं.

एचपी उतरवायला नमुना ३५ लागतो, त्यावर बँकेची सही-शिक्का, आणि सोबत ना हरकत दाखला. ज्या बँकेचं कर्ज होतं ती मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली. म्हणून मी त्या दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेलो. मॅडमनी नाव टाकून बघितलं.

"दादा, या नावाने कर्ज खातंच दिसत नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे, १९९७ लाच फिटलंय, तेवढं लिहून द्या.

"जे खातं दिसत नाही त्याचा दाखला कसा देणार?"

दुसऱ्या वेळी कर्ज खाते क्रमांक मागितला. तो बुडालेल्या कागदावर होता. तिसऱ्या वेळी मॅनेजर साहेब रजेवर. चौथ्या वेळी ते बदलून गेलेले, आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगायचं. पाचव्या वेळी, "हेड ऑफिसला मेल टाकलाय." दोन महिने तो मेल कुठे होता कोण जाणे. सहाव्या वेळी मला सांगितलं, कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला आणा. तो दाखला द्यायचा कोणी? त्यांनीच. हे मी तिथे उभं राहून सांगितलं, आवाज चढला, आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तसे बघायला लागले.

मला तेच लागलं. हप्त्याच्या वर्षात आमच्याकडे दिवाळीला कपडे घेतलेले मला आठवत नाहीत. १९९७ चा शेवटचा हप्ता तात्यांनी कांद्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, भरला आणि घरी येऊन आईच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. त्या माणसाने कर्ज फेडलं हे सिद्ध करायला मला सत्तावीस वर्षांनी कोणाच्या टेबलासमोर उभं राहावं लागत होतं. घरी येऊन मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. भंगारवाल्याचा नंबरही शोधून ठेवला होता, हे भावाला अजून सांगितलेलं नाही.

वाट दाखवली ती गावातल्याच एका निवृत्त तलाठी भाऊसाहेबांनी. पारावर बसले होते, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टरसाठी जमिनीवर बोजा होता ना? तो कमी झाला असेल तर फेरफार असणारच. बँकेच्या पत्राशिवाय कोणी कंस करत नाही."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कर्ज घेतलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटलं की बँक पत्र देते, त्यावरून गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते आणि सातबाऱ्यावरच्या त्या बोजाला कंस केला जातो. कंस म्हणजे नोंद कमी झाली. आमचा आताचा संगणकाचा सातबारा कोराच होता, त्यावरून काही कळत नव्हतं. हाताने लिहिलेला जुना उतारा पाहिजे होता. जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही बघायला मिळतात, पण आमच्या गावाचं ते पान पुसट निघालं, आकडे वाचता येईनात. मग निफाडला तहसीलच्या अभिलेख कक्षात गट नंबर टाकून नकलेचा अर्ज दिला. चौथ्या दिवशी नक्कल हातात. तिथल्या ताईंनी फेरफार क्रमांक स्वतः शोधून दिला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

फेरफारात तात्यांचं नाव, बँकेचं नाव, 'ट्रॅक्टर कर्ज पूर्ण फेड झाल्याने बोजा कमी केला' हे वाक्य आणि बँकेच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख. मी ते तिथेच व्हरांड्यात तीनदा वाचलं.

या वेळी शाखेत रिकाम्या हाताने गेलो नाही. लेखी अर्ज, फेरफाराची नक्कल, बुकाची झेरॉक्स, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पोच हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आधीच्या सहा फेऱ्यांचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. लेखी तक्रार देऊन तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, पैसे न भरता. अर्जाच्या शेवटी मी तेही लिहिलं. साहेबांनी तेवढं वाक्य दोनदा वाचलं.

तरी खरं काम केलं ते शाखेतल्या शिपाईमामांनी. जुन्या बँकेतले ते एकटेच उरलेले. जावक क्रमांक ऐकला आणि म्हणाले, "माळ्यावरच्या गाठोड्यात असंल." अर्ध्या तासात १९९७ चं जावक रजिस्टर टेबलावर आलं. त्यात आमची ओळ, तात्यांचं नाव, आणि पुढे दाखला मिळाल्याची त्यांची सही. मोडी वळणाचा 'त' मी लगेच ओळखला. आठ महिने जे दिसत नव्हतं ते डोक्यावरच्या माळ्यावर होतं.

त्यानंतरही पहिला दाखला आला त्यात चेसिस नंबर नव्हता, इंजिन नंबर नव्हता, नुसतं 'ट्रॅक्टर कर्ज'. तो चालत नाही. परत गेलो, आणखी बारा दिवस. तुम्ही मसुदा स्वतः लिहून न्या, दोन्ही नंबर बुकावरून जसेच्या तसे उतरवून.

पुढचं पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातलं सगळं तीन आठवड्यांत उरकलं: वारसासाठी नमुना ३१, मुदतवाढीसाठी नमुना २५, मृत्यूचा दाखला, आई-भाऊ-बहिणीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, विमा. मालक गेल्यावर तीन महिन्यांत नमुना ३१ द्यायचा असतो, आम्हाला उशीर झाला, तुम्ही करू नका. मुदत संपलेला ट्रॅक्टर तपासणीला रस्त्यावरून चालवत नेऊ नका, आम्ही टेम्पोत चढवून नेला. आणि निघायच्या आदल्या दिवशी चेसिस नंबरची जागा डिझेलच्या फडक्याने पुसून ठेवा. आमच्या नंबरावर पुराचा गाळ दगडासारखा बसला होता. ठसा उमटेना म्हणून तिथे तासभर खरवडत बसलो.

नवीन कार्ड पोस्टाने आलं. कर्जाच्या जागी काही लिहिलेलं नाही. आईला वाचून दाखवलं, तिने कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं आणि दसरा लांब असूनही ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालायला लावली.

बँकेच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स काढल्या. एक भावाकडे, एक ताईकडे, एक टूलबॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, आणि एक वरच्या शाळेशेजारी राहणाऱ्या काकांच्या घरी, पाणी जिथपर्यंत येत नाही तिथे. मुदत पुन्हा कधी संपते ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिली आहे, तात्यांच्या ऑइलच्या तारखांच्या खाली.