कवडशातून छायाचित्रणाकडे

गेल्या मे महिन्यात बहिणींची आठ ते बारा वर्षांची पाच मुले कोकणातल्या आमच्या घरी राहायला आली, तेव्हा त्यांना छायाचित्रणाची तोंडओळख करून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. पहिल्या दिवशी मी अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याच्या भोकाचा आकार), शटर (ते भोक किती वेळ उघडे राहते) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) यांच्या व्याख्या सांगत बसलो, आणि दहा मिनिटांत सगळी मुले आंब्यांच्या अढीकडे पसार झाली.

दुसऱ्या दिवशी माजघरातल्या कवडशाने मला हात दिला. कौलांमधली फट वेडीवाकडी असताना कवडसा गोल कसा, असे धाकट्या भाचीने विचारले. मी पुठ्ठ्याला पाच मिलिमीटरचे त्रिकोणी भोक पाडून तो उन्हात धरला. साडेतीन मीटरवर पांढऱ्या कागदावर झेललेला त्याचा कवडसाही जवळजवळ गोलच, सुमारे तीन सेंटिमीटरचा आला, कारण दूरवर पडणारा कवडसा हा भोकाचा आकार नसून सूर्याचे चित्र असतो. (भोकातून सूर्याकडे डोळा लावायचा नाही, हे आधीच बजावले होते.)

मग आम्ही माजघराचाच कॅमेरा केला. सकाळी पश्चिमेकडच्या खिडकीबाहेरचे अंगण समोरून उजळते, म्हणून तीच खिडकी पुठ्ठ्याने बंद करून मध्ये एक सेंटिमीटरचे भोक ठेवले आणि बाकीच्या फटींत गोधड्या कोंबल्या. अंधाराला डोळे सरावेपर्यंत पाचेक मिनिटे कुरबुर चालली. नंतर समोरच्या भिंतीवर उलटी माडाची झाडे डोलू लागली. भोक वाढवले तेव्हा चित्र उजळ झाले पण पुसट झाले. शेजारी दुसरे भोक पाडताच अंगणे दोन दिसू लागली. उघड्या खिडकीतून चित्र का दिसत नाही, हे थोरल्या भाच्याने स्वतःच ओळखले: तिथे असंख्य चित्रे एकमेकांवर पडलेली असतात.

यानंतर मोबाइलमधला प्रो मोड, म्हणजे शटरसारख्या गोष्टी स्वतः ठरवण्याची सोय, समजावणे सोपे गेले. भर उन्हात शटर १/१५ सेकंदावर ठेवल्यामुळे फोटो पांढराफटक आला, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, भोक जास्त वेळ उघडं राहिलं." संध्याकाळी मोबाइल पाटाला टेकवून शटरचा तोच वेग ओटीवरच्या झोपाळ्यासाठी वापरला. भिंतीला टेकून बसलेली आजी स्पष्ट आली, पण झोके घेणाऱ्या भाच्याचा चेहरा पार फराटला. "याचं तोंड कुठं गेलं?" असे आजीने विचारल्यावर तिला समजावण्याचे काम मी मुलांवरच सोपवले.