ओबिन्यीच्या जहागिरीत एक रात्र

आम्ही एडिंबराला राहतो. जवळच्या हॅडिंग्टनचं जोडगाव, म्हणजे मैत्रीचं नातं जोडलेलं गाव, फ्रान्समध्ये आहे, ओबिन्यी-स्यूर-नेर, हे कळल्यापासून नवरा हटून बसला: मोटरहोम भाड्याने घ्यायची आणि तिथे जायचंच.

पासपोर्ट भारतीय, म्हणजे फ्रान्ससाठी आधी शेंगेन व्हिसा. त्यात मुक्कामाचा पुरावा मागतात. चाकांवरच्या घराचा पत्ता काय लिहिणार? शेवटी एकेका रात्रीच्या कॅम्पसाइटचं बुकिंग जोडलं, तेव्हा व्हिसा हाती आला.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या न्यूहेवनहून फ्रान्समधल्या दिएपची फेरीबोट चार तासांची. चढण्याआधी गॅसची टाकी बंद करायची. खरी परीक्षा उतरल्यावर. गाडी ब्रिटिश, स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ताही उजवीकडचा, त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरून काय येतंय ते मलाच दिसायचं. "थांब, थांब... आता जा!" हे दोन दिवस चाललं. लग्नानंतर त्याने माझं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

वाटेत एका गावात संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, रिकामी करायला थांबलो, तर पाण्याच्या यंत्राला नाणं चालेना, टोकनच हवं. टोकन मिळायचं दुकानात आणि दुकान जेवणासाठी बंद. भरलेली कॅसेट घेऊन आम्ही दोन वाजेपर्यंत ताटकळलो. तेव्हापासून मी टोकन आधी घेते, पाव नंतर.

लवार नदी जिआँला ओलांडली आणि डी-९४० या रस्त्याने दक्षिणेला उतरलो. ओबिन्यीत गाडी बाहेर लावून पायी निघालो. उभ्या-आडव्या लाकडी तुळयांची घरं, मध्ये लिंपलेल्या भिंती. १५१२ च्या आगीत गाव जळालं, त्यानंतर इथल्या स्कॉटिश घराण्यातल्या रॉबर्ट स्टुअर्टच्या काळात ते पुन्हा उभं राहिलं. तुळया ओकच्या, काही चांगल्याच वाकलेल्या. मी एकीवर हात ठेवून उभी राहिले, तर नवरा म्हणाला, "चल, पडेल."

पण इथे स्टुअर्ट आले कुठून? इंग्रजांशी शंभर वर्षांचं युद्ध चालू होतं, स्कॉटिश फौज फ्रान्सच्या बाजूने लढत होती, आणि फ्रान्सच्या राजाने, सातव्या चार्ल्सने, १४२३ मध्ये जॉन स्टुअर्ट ऑफ डार्नलीला हे गाव देऊन टाकलं. आपल्याकडच्या जहागिरीसारखंच. त्याला ती फार दिवस लाभली नाही. १४२९ मध्ये ऑर्लेआँच्या वेढ्याच्या वेळी तो मारला गेला. पण घराणं टिकलं. पुढे १६७३ मध्ये चौदाव्या लुईने हेच गाव लुईज द केरुआलला दिलं. ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची प्रेयसी, आणि तो चार्ल्सही स्टुअर्टच! हे मला युद्धापेक्षा जास्त रंगतदार वाटलं.

स्टुअर्टांच्या वाड्यात आता नगरपालिका आहे. जन्म-मृत्यूच्या नोंदी होतात ती जागा एवढी देखणी असावी याचा मला हेवा वाटला. जुलैत इथे फ्रेंच-स्कॉटिश उत्सव भरतो, बॅगपाइप घुमतात. आम्ही गेलो सप्टेंबरात, त्यामुळे शांतता.

पावाच्या दुकानातल्या बाईंनी कुठून आलात विचारलं. नवरा ऐटीत म्हणाला, "एकोस." म्हणजे स्कॉटलंड. त्यांनी आमचे चेहरे पाहिले. मग मी म्हणाले, "आणि सांगली." त्या हसल्या, पाव कागदात गुंडाळला.

रात्री थालीपिठाबरोबर शाव्हिन्योल गावचं बकरीच्या दुधाचं चीज खाल्लं. लसणाची चटणी मात्र संपली होती.