विसरलेल्या स्टेंटमधली क्लेब्सिएला

सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली आणि नजर थेट मेरोपेनेम या जोरदार अँटिबायोटिकच्या चकतीवर गेली. क्लेब्सिएला नावाचे जंतू चकतीला खेटून वाढले होते. सेफ्ट्रियाक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, कुठल्याच चकतीभोवती मोकळं वर्तुळ नव्हतं, म्हणजे यातलं एकही औषध लागू पडत नव्हतं. नमुना पित्ताचा होता, पित्तनलिकेतून काढलेला.

रुग्ण साठीच्या बाई. हुडहुडी भरून ताप, पिवळे डोळे, उजव्या बरगडीखाली दुखणं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की पित्तनलिकेत जंतुसंसर्गाची शंका घ्यावी, हे शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्येच सांगून ठेवलंय. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे होते, नलिका फुगलेली होती आणि नलिकेत प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी छोटी नळी, होता. घरच्यांना त्याचा पत्ताच नव्हता. कागदांच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या गावचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. तीन महिन्यांनी स्टेंट काढायचा, ही ओळ त्यात इंग्रजीत, औषधांच्या यादीखाली लिहिलेली.

"कावीळ उतरली, आई जेवायला लागली. मग परत कशाला न्यायचं?" मुलगा म्हणाला. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. खडा अडकलेल्या माणसाला स्टेंटने इतक्या लवकर आराम पडतो की आत नळी राहिलीये हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही तर ध्यानात राहणार कसं? पण अशा नळीवर जंतू चिकट थर करून राहतात, त्या थरात औषध नीट शिरत नाही, गाळ साचत जातो आणि शेवटी नळी तुंबते. मधल्या काळात ताप आला की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या यायच्या. दर वेळी कमजोर जंतू मरायचे, चिवट तेवढे उरायचे.

मी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, क्लेब्सिएला आहे. मेरोपेनेमला रेझिस्टंट."

"तरीच ताप पुरता उतरत नाहीये. मग देऊ काय, मॅडम?"

जनुक तपासणीत एनडीएम निघाला, म्हणजे औषध फोडणारा जंतूंचा एक विकर (एन्झाइम). या विकराची पहिली ओळख पटली तीही क्लेब्सिएलातच, २००८ मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात. तो मेरोपेनेम फोडतो, पण अ‍ॅझट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक त्याला फोडता येत नाही. अडचण अशी की या जंतूंकडे बहुतेक वेळा ईएसबीएलसारखे दुसरे विकरही असतात आणि ते अ‍ॅझट्रिओनाम फोडतात. त्यांना अडवायला अ‍ॅव्हिबॅक्टम लागतं. म्हणून मी अ‍ॅझट्रिओनाम आणि सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टमच्या चकत्या एकाच प्लेटवर जवळजवळ ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दोन्हींच्या बाहेरच्या बाजूंना भरघोस वाढ होती आणि मधला पट्टा स्वच्छ होता. एकेकटं निकामी ठरलेलं औषध जोडीने काम करताना डोळ्यांनी दिसतं, तेव्हा प्रयोगशाळेत फार बरं वाटतं. ती प्लेट मी आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना दाखवली.

ही जोडी महाग आहे, आणि ती सुरू होईपर्यंत बाई तगल्या याचं श्रेय माझ्या प्लेटला नाही. दाखल झाल्या त्याच रात्री ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचून, तुंबलेला स्टेंट काढला होता, पुवासारखं पित्त वाहून गेलं होतं, नवा स्टेंट बसला होता. नलिका तुंबलेली असेल तर रक्तातलं औषध पित्तात पुरेसं उतरतच नाही. म्हणून आधी वाट मोकळी करायची आणि त्याच वेळी पित्त कल्चरला पाठवायचं. हा दुसरा भाग अनेक ठिकाणी राहून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पित्त टाकून दिलं की पुढचे सगळे दिवस औषध अंदाजाने चालतं.

ताप उतरला. पुढे नलिकेतले खडे आणि स्टेंट निघाले, मग पित्ताशय काढलं. त्यातलं पित्तही कल्चरला आलं आणि त्यात तीच क्लेब्सिएला वाढली. मी लगेच वॉर्डात जाऊन आले. बाईंना ताप नव्हता, रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. केवळ प्लेटवर वाढ आहे म्हणून नवं अँटिबायोटिक सुरू करू नये, असं मी रिपोर्टखाली लिहिलं आणि सर्जननीही ते मानलं.