पियानोपाशी बसलेली मुलगी

शनिवार, रात्री साडेअकरा

चिनू आत्ता झोपली. दादा-वहिनी लग्नाला कोल्हापूरला गेलेत, म्हणून दोन दिवस ती माझ्याकडे आहे. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आत्या, आज मी लावीन तो पिक्चर बघायचा. मध्ये उठायचं नाही." उद्यासाठी मेथी निवडायची होती, ती घेऊन बसले. हातही चालतील आणि पोरीचं मनही राखलं जाईल, असं वाटलं.

'हायस्कूल म्युझिकल'. २००६ सालचा, डिस्ने चॅनेलसाठी केलेला, थिएटरात न येता थेट टीव्हीवर आलेला. नाव ऐकून होते. तेव्हा मी तिशी ओलांडलेली, घर आणि नोकरी यांतच दिवस संपायचा. शेजारच्या मुलींच्या वह्यांवर यातल्या पोरापोरींची चित्रं चिकटवलेली असत, तेवढीच माझी त्याची ओळख. हे चौदा वर्षांच्या मुलींसाठी आहे, असं तेव्हा मनात नोंदवलं ते तसंच राहिलं होतं.

मेथी अर्धी तशीच पडून आहे. पिक्चर संपला तेव्हा जुडी मांडीवर होती आणि चिनू माझ्याकडे बघत होती. "आवडला ना? बघ, मी म्हटलं होतं." फार आवडला, असं मी तिला सांगितलं. खरंच फार आवडला. इतका की झोप येत नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

गोष्ट तशी एवढीशी. न्यू मेक्सिकोतलं आल्बुकर्की शहर, तिथलं ईस्ट हाय नावाचं हायस्कूल. ट्रॉय बोल्टन बास्केटबॉल टीमचा कॅप्टन, त्याचे वडीलच कोच. गॅब्रिएला मॉन्टेझ शाळेत नवी आलेली, अभ्यासात अतिशय हुशार. दोघांना शाळेच्या संगीत नाटकात गावंसं वाटतं, आणि ते वाटणं दोघंही लपवून ठेवतात. कुणी मरत नाही, कुणी घर सोडून पळत नाही. निवड चाचणीला उभं राहायचं की नाही, एवढाच प्रश्न. पण सोळाव्या वर्षी तो एवढासा नसतो, हे पिक्चरवाल्यांनी मनापासून मानलंय. कुठेही मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांकडे बघून डोळे मिचकावलेले नाहीत. मला वाटतं, म्हणूनच मी मेथी विसरले.

पहिलंच गाणं घ्या. थर्टीफर्स्टची पार्टी, बर्फातलं हॉटेल. कराओकेसाठी या दोघांना गर्दीतून ओढून स्टेजवर उभं करतात. एकमेकांची ओळखही नाही. मुलगा पडेल आवाजात सुरू करतो, एक कडवं कसंबसं म्हणून उतरायला निघतो, आणि तेवढ्यात मुलगी गायला लागते. तो थांबतो. परत वळतो. पुढे दोघांचा आवाज कसा कसा मोकळा होत जातो ते ऐकण्यासारखं आहे.

बोलता बोलता माणसं गायला लागतात, ते लोकांना खोटं वाटतं म्हणे. मला कधीच वाटलं नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला कसं वाटेल? आणि ज्या घरात पायपेटी, म्हणजे पायाने भाता हलवायचा ऑर्गन होता, त्या घरातल्या माणसाला तर नाहीच. गद्य संपून पद कुठे सुरू होणार, हे आम्हाला आधी कानांनी कळायचं. नटाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच अण्णा, माझे वडील, खालून अगदी हलका सूर देत. प्रेक्षकांना तो ऐकू यायचा नाही, पण नट बरोबर त्या सुरावर पाऊल ठेवायचा.

रविवार, संध्याकाळ

चिनूने आज पुन्हा लावला. मी नको म्हटलं नाही. आज हातात काही घेतलं नव्हतं.

जिममधल्या गाण्याला काल मी दाद दिली नव्हती, ती आज दिली. बास्केटबॉलची प्रॅक्टिस चाललेली. चेंडू जमिनीवर आपटतोय, बुटांचे तळवे फरशीवर करकरतायत, आणि त्या आवाजांतूनच ठेका उभा राहतो. खेळाची हालचाल कुठे संपते आणि नाच कुठे सुरू होतो, सांगता येत नाही. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा मुळात नृत्यदिग्दर्शक, जीन केलीसारख्या माणसाबरोबर काम करून शिकलेला. या पिक्चरला नृत्यदिग्दर्शनासाठी एमी पुरस्कार मिळाला, तो ऑर्टेगासोबत चार्ल्स क्लॅपाव आणि बॉनी स्टोरी या आणखी दोघांच्या नावावर आहे. चित्रीकरण सॉल्ट लेक सिटीमधल्या खऱ्याखुऱ्या शाळेत झालं. तिचंही नाव ईस्ट हायच.

आणि मग कँटीनचं गाणं. टीममधला एक मुलगा उभा राहून सांगतो, मला बेकिंग आवडतं. क्रेम ब्रुले करतो तो घरी. मग अभ्यासू टेबलावरची एक मुलगी म्हणते, मला हिपहॉप नाचायला आवडतं. स्केटबोर्डवाला म्हणतो, मी चेलो वाजवतो. प्रत्येकाच्या मागे बाकीचं सगळं कँटीन एका सुरात ओरडतं: गप बस, आहेस तिथेच राहा. अमेरिकेतली शाळा, इंग्रजी गाणं, पण मी ऐकत होते 'लोक काय म्हणतील'. तेच, कोरसमध्ये. घाबरवणारंही आहे ते, आणि ठेका असा की पाय हलतोच.

पण हे सगळं मी खरं तर लिहायचं टाळण्यासाठी लिहितेय. मला केल्सीबद्दल लिहायचं आहे.

केल्सी म्हणजे पियानोपाशी बसलेली मुलगी. चणीने लहान, चष्मा, डोक्यावर टोपी. शाळेचं नाटक तिनेच लिहिलंय, गाणीही तिचीच. शार्पे आणि रायन ही बहीण-भाऊ जोडी दर वर्षी मुख्य भूमिका करते. चाचणीत ते दोघं तिचं गाणं घेतात आणि पार बदलून टाकतात. तिने विलंबित बांधलेलं, हे द्रुत करून, उड्या मारत गातात. ती भीत भीत काही सांगू बघते, तर शार्पे तिला तिथल्या तिथे झापते. चाचण्या संपतात. ती उठते, अडखळते, सगळे कागद स्टेजवर पसरतात.

ट्रॉय ते कागद गोळा करायला येतो. आणि तिला सांगतो की बास्केटबॉलमध्ये एक प्लेमेकर असतो, जो बाकी सगळ्यांचा खेळ चांगला दिसेल असं खेळतो. इथली प्लेमेकर तू आहेस.

काल हा प्रसंग मी मेथीची पानं खुडत पाहिला. आज सरळ पाहिला आणि रडले. चिनूने काही विचारलं नाही, नुसता हात धरला.

मग ती पुन्हा पियानोशी बसते आणि तेच गाणं तिच्या लयीत वाजवते. ट्रॉय आणि गॅब्रिएला गातात. गाणं तेच, शब्द तेच, पण आत्ता त्याला अर्थ आहे. तेवढ्यात सभागृहाच्या दारातून नाटकाच्या बाईंचा आवाज येतो: पुढच्या फेरीला या.

रविवार, रात्री

चिनूला नेलं. घर शांत झालंय, तर लिहूनच टाकते.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते आणि पस्तीसेक वर्षं एका हौशी नाटक मंडळींबरोबर ऑर्गन वाजवत होते. तालमीला सगळ्यांत आधी जायचे, सगळ्यांत शेवटी परतायचे. 'सौभद्र'ची सगळी पदं त्यांच्या बोटांत होती. एखादा नट अंतरा विसरला की अण्णा आधीचीच ओळ फिरवत राहत, त्याला आठवेपर्यंत. प्रेक्षकांना वाटायचं, काय सुंदर आळवतोय. टाळ्या पडत, वन्स मोअर येई, आणि नट कमरेत वाकून नमस्कार करी. अण्णा तेव्हा पुढच्या पदाची पट्टी बघत असायचे.

हँडबिलावर अगदी खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत 'ऑर्गनसाथ' आणि त्यापुढे त्यांचं नाव. एका वर्षी तेही छापायचं राहून गेलं. मी तेव्हा सातवीत होते. हँडबिल उलटंपालटं करून पाहिलं. अण्णा म्हणाले, "असू दे गं, जागा नसेल पुरली." आई काही बोलली नाही, पण ते हँडबिल तिने इतर हँडबिलांत ठेवलं नाही, एवढं आठवतंय.

गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते, आणि १९११ साली 'मानापमान'ला चाली त्यांनी दिल्या, हे अण्णा मला किती तरी वेळा सांगायचे. लहानपणी मला ती माहिती वाटायची. आज कळतंय, ते मला वेगळंच काही तरी सांगत होते.

मंगळवार

दुपारी जेवणाच्या सुट्टीत या पिक्चरबद्दल वाचत बसले. ट्रॉयचं काम करणाऱ्या झॅक एफ्रॉनचा गाण्यांतला आवाज बराचसा त्याचा नाहीच. ड्रू सीली नावाच्या गायकाचा आवाज त्यात मिसळलाय, आणि जास्त तोच ऐकू येतो. जिममधलं ते गाणं लिहिणाऱ्यांतही सीली होताच. दुसऱ्या भागात मात्र एफ्रॉन स्वतः गायला. आपल्याला पार्श्वगायन काही नवं नाही. लताबाई, आशाबाई कोणासाठी गायल्या हे पोरासोरांना पाठ असतं, उलट नटीचं नावच विसरतं कधी कधी. पण प्लेमेकरला मान देणाऱ्या या पिक्चरमध्ये एक माणूस नुसत्या आवाजाने हजर आहे आणि पडद्यावर कुठेच नाही, हे वाचून मी हातातला घास तसाच धरून बसले. पुढे या पिक्चरचे अमेरिकाभर स्टेजवर जलसे झाले, तेव्हा एफ्रॉन दुसऱ्या पिक्चरच्या शूटिंगमध्ये होता. त्याच्या जागी स्टेजवर सीली उभा राहिला. बरं वाटलं. हजारो लोकांसमोर, स्वतःच्या चेहऱ्यानिशी.

अजून एक. गॅब्रिएलाची मैत्रीण टेलर सारखे निरनिराळे हेअरबँड लावते. ते काम करणाऱ्या मोनीक कोलमननं नंतर सांगितलं की तिच्यासारखे केस, म्हणजे कृष्णवर्णीय बाईचे केस, नीट करणं सेटवर कुणाला जमत नव्हतं. तेव्हा तिनेच सुचवलं की हेअरबँड या मुलीच्या स्वभावाचाच भाग करू या. मला वाटलं होतं, शाळकरी मुलगी, तिला हौस असेल.

शुक्रवार

काल संध्याकाळी अण्णांकडे गेले होते. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत आता. पायपेटी खिडकीखाली आहे, वर चादर घातलेली. लॅपटॉप घेऊन गेले होते. म्हटलं, "अण्णा, एक दाखवायचंय, सगळं नाही, थोडंच." त्यांना वाटलं, औषधांचं काही असेल.

चाचणीचा प्रसंग लावला. आधी त्या बहीण-भावाचं द्रुत गाणं, मग कागद पडतात ते, मग ट्रॉय आणि गॅब्रिएला. ट्रॉय तिला काय म्हणतो ते मी मराठीत सांगितलं. अण्णा चष्मा पुसून पुन्हा लावून बसले होते, लॅपटॉपच्या अगदी जवळ. मध्ये एकदा म्हणाले, "थोडं मागे घे." घेतलं.

मग शेवटही दाखवला. त्याच वेळी मॅच असल्याने ट्रॉय आणि गॅब्रिएला पुढच्या फेरीला वेळेवर पोचू शकत नाहीत, बाई म्हणतात आता पियानोवालीही निघून गेली, आणि केल्सी मागून धावत येते. शार्पे तिला दटावते, तर ही म्हणते, मला वाजवायचंच आहे. बसते आणि वाजवते. सगळ्या गोंधळानंतर, मॅच जिंकल्यावर, ट्रॉय जिंकलेल्या मॅचचा चेंडू आणून तिच्या हातात देतो. टीममधल्या कुणाला नाही, तिला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं दमले. चहाचं विचारायला मी उठले, तेव्हा म्हणाले, "लय त्या मुलीचीच बरोबर होती."

"कुठली?"

"पेटीवाली. तिने संथ बांधलंय ते पद. त्या दोघांनी पळवलं. पळवल्यावर मग शब्द कसे कळणार?"

आणि खुर्चीच्या हातावर, जी बोटं वळतात त्या बोटांनी, त्यांनी तो संथ ठेका धरला. मी चाल गुणगुणले, जेवढी आठवत होती तेवढी. दुसऱ्या ओळीला अडले, तर ते थांबले नाहीत. तीच ओळ धरून राहिले, मला पुढची सुचेपर्यंत.